दोन दिवसांचे शिबिर : थोडा इतिहास

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे असे संपादक-भगिनींनी सुचविले, तेव्हा मी अंबडच्या मत्स्योदरी देवीवर किंवा अहिल्याबाई होळकरांनी आपल्या परिसरात केलेल्या कामावर लिहीन, असा बहुतेकींचा समज झाला. तो विषय मोठा आहे आणि त्यावर माझ्याहून अधिकारी मंडळींनी लिहिले आहे. मी यंदा निराळाच विषय घेतला आहे. मंडळापुढे सध्या एक प्रश्न पडून आहे. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे संकटसेवेचे शिबिर अंतरवाली सराटीत भरवावे की नाही. आणि भरविलेच, तर त्यात मुलींनाही रात्रीच्या मुक्कामासह घ्यावे की ते केवळ मुलग्यांपुरते ठेवावे? आग विझविणे, जखमीला उचलणे, बुडत्याला दोर टाकणे, अपघाताच्या जागी गर्दी आवरणे, असे विषय त्यात असावेत अशी कल्पना आहे. बैठकीत दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणे झाले. “पोरींच्या हाती दोरखंड देऊन त्यांना काय बंबावर चढवायचंय?” असे एका काकूंनी विचारले, तर दुसऱ्या एकीने “दोन दिवसांत असं काय शिकतील लेकरं?” अशी शंका काढली. दोन्ही शंका उडवून लावण्यासारख्या नाहीत. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला. त्यामुळे सवय अशी जडली आहे की, शंका निघाली म्हणजे ती पूर्वी कोणाला आली होती काय, आणि तिचे पुढे काय झाले, हे आधी पाहावे.

ती पूर्वी आली होती, आणि पुष्कळदा आली होती.

संकटात धावून जाणे हे माणसाला नवे नाही. नवे आहे ते, संकट नसताना त्यासाठी शिकून ठेवणे. ही कल्पना स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती इटलीतील एका लढाईनंतर. १८५९ च्या जूनची २४ तारीख होती. सोल्फेरिनो या गावाजवळ फ्रेंच व सार्डिनियन सैन्य एका बाजूस आणि ऑस्ट्रियाचे दुसऱ्या बाजूस, अशी घनघोर लढाई झाली. सायंकाळी हजारो जखमी रणात तसेच पडून होते. त्यांच्यासाठी पुरेसे वैद्य नव्हते, पाणी नव्हते. जवळच्या कास्तिल्योने गावातील बायका पुढे झाल्या. त्यांनी घरातील कापड फाडून पट्ट्या केल्या, देवळाच्या फरशीवर निजविलेल्या शिपायांना पाणी पाजले, आणि कोण आपला व कोण शत्रूचा हे पाहिले नाही. सगळे भाऊच आहेत, असे त्या म्हणत. आँरी द्युनाँ नावाचा एक स्विस व्यापारी योगायोगाने तेथे आला होता. तोही त्यांच्यात मिसळला. १८६२ साली त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्यात विचारले की, शांततेच्या काळातच स्वयंसेवक शिकवून तयार ठेवता येणार नाहीत काय? पुढच्याच वर्षी रेडक्रॉसचा पाया घातला गेला. द्युनाँचे नाव जगभर झाले, आणि ते योग्यच होते. कास्तिल्योनेच्या बायकांची नावे मात्र फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या मनाची तयारी पूर्ण होती, हातांना मात्र कोणी शिकविले नव्हते.

लहान मुलांना यासाठी शिकवावे ही पुढची पायरी. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलग्यांचे शिबिर भरविले. तंबू ठोकणे, गाठी मारणे, प्रथमोपचार, मागोवा काढणे असा त्याचा कार्यक्रम होता, आणि बालवीर चळवळ त्यातूनच उभी राहिली. मुलींचा विचार कोणीच केला नव्हता. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मैदानात बालवीरांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आमंत्रण नसताना, बालवीरांसारख्या टोप्या घालून तेथे येऊन उभ्या राहिल्या. आम्हीही बालवीरच, असे त्यांचे म्हणणे. त्यांना घालवून देण्याऐवजी १९१० साली मुलींसाठी निराळी संघटना काढावी लागली, आणि बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी तिचे काम हाती घेतले. १९११ साली भारतातील पहिले गाइड पथक जबलपुरास निघाले. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, बालवीरांच्या निरनिराळ्या संस्था एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली व १९५१ मध्ये गाइडांची संस्था तीत सामील झाली. मुलींना या कामात कोणी मानाने बोलावले नाही. त्या आपण होऊन आल्या आणि मग त्यांच्यासाठी जागा करणे भाग पडले, एवढे यातून दिसते. असो.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. संकटसेवेच्या शिक्षणाची आपल्याकडची गोष्ट सांगावयाची तर ती मुंबईच्या गोदीपासूनच सांगावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर हवाई हल्ल्याची भीती होती. म्हणून नागरिकांतून स्वयंसेवक घेऊन त्यांना हल्ल्यापासून बचावाचे शिक्षण दिले जात होते. विमाने आलीच नाहीत. संकट आले ते जहाजातून. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारो गाठी. शिवाय सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटके आणि कापूस एकत्र ठेवणे म्हणजे कडब्याच्या गंजीशेजारी चूल मांडण्यासारखेच. पण युद्धाच्या घाईत ते घडले. दुपारी जहाजातून धूर निघू लागला. बंब आले, बंबवाले थेट जहाजावर चढले आणि वरून पाण्याचा मारा करू लागले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणि तो पहिल्याहून मोठा होता. गोदीतील इतर जहाजे बुडाली, गोदीलगतच्या वस्तीत आगीचा पाऊस पडला, शेकडो माणसे दगावली आणि हजारो बेघर झाली. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामावर असताना गेले.

त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह असतो. आपल्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते; निळे झेंडे, मिरवणूक, ढोल यांत गाव रंगलेले असते, आणि या ६६ जणांची आठवण खेड्यात सहसा निघत नाही. ती त्याच दिवशी निघाली तर जयंतीच्या कार्यक्रमास काही उणेपणा येईल असे मला वाटत नाही.

गोदीच्या आगीनंतर अडीच वर्षांनी, मुंबईत दंगली पेटल्या असता, ६ डिसेंबर १९४६ रोजी होमगार्ड दल उभे राहिले. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई इलाख्याचे गृहमंत्री होते. दिवसा आपला धंदा-नोकरी करावयाची आणि गरज पडेल तेव्हा गणवेश चढवावयाचा, असे हे दल. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला, आणि १९४९ मध्ये छात्रसेनेत मुलींचा विभाग निघाला. म्हणजे, ‘पोरींना कवाईत कशाला’ हा प्रश्न सरकारदरबारी तेव्हाच मिटला होता. नागपूरचे या बाबतीतले स्थान तर फार मोठे आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूर येथे सुरू झाले व पुढच्या वर्षी नागपुरास आले. आणि त्याच १९५७ च्या एप्रिलमध्ये संकटनिवारणाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्थाही नागपुरातच निघाली. तिलाच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणू लागले. देशभरातील शिकविणारे शिकावयास आपल्या राज्यात येत होते.

आपला मराठवाडा मात्र या सर्वांपासून दूर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. जालना जिल्हा तर १९८१ च्या १ मे रोजी झाला. मुंबईत जे १९४६ मध्ये निघाले ते तालुक्यापर्यंत पोचावयास किती काळ लागला, आणि तालुक्यापासून गावापर्यंत यावयास अजून किती लागणार आहे, हे मी सांगावयास नको.

१९६२ चे चिनी आक्रमण झाले आणि देश खडबडून जागा झाला. होमगार्ड सर्व राज्यांत उभे राहिले, महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली, जागोजागच्या महिला मंडळांनी जवानांसाठी स्वेटर विणले. स्वेटर विणले हे चांगलेच केले. पण स्त्रियांच्या वाट्याला देशकार्यात विणकाम आणि स्वयंपाक हेच यावे, या समजुतीचाही तो काळ होता. पुढे छात्रसेनेची सक्ती गेली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

मी स्वतः १९७९ च्या सुमारास औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) शिकत असता छात्रसेनेत होते. दहा दिवसांच्या एका शिबिरात आम्हाला डोली करावयास शिकविले. दोन बांबू आणि एक घोंगडी, असा तो पाठ होता. आमच्यातील एका खेड्यातून आलेल्या मुलीने सहज विचारले की, अपघाताच्या जागी घोंगडी कोठून आणावयाची? आईचे लुगडे चालणार नाही काय? शिकविणारे हवालदार हसले. पण माणूस शहाणा. त्यांनी दुसऱ्या दिवशी खरोखरच एक नऊवारी मागवून घेतली, ती बांबूंना कशी गुंडाळली असता सुटत नाही ते आमच्यासमोर दोन-तीन प्रकारे करून पाहिले, आणि आमच्यातील सर्वांत वजनदार मुलीला तीवर निजवून मैदानाला फेरी मारविली. लुगडे फाटले नाही. शिबिरातील पुष्कळ गोष्टी मी विसरले. ही विसरले नाही. दोन दिवसांत काय शिकता येते, या शंकेचे माझ्यापुरते उत्तर हे की, हाताने एकदा केलेले राहते आणि कानाने दहादा ऐकलेले जाते.

मात्र एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण ती फार महत्त्वाची आहे. त्या वेळी जे शिकविले जाई त्यातले सारेच आज चालत नाही. साप चावला की वर दोरीने करकचून बांधावे, जखमेवर चीर द्यावी, असे जुन्या पुस्तकांत असे. आज डॉक्टर त्याला स्पष्ट नाही म्हणतात. बांधल्याने अवयव जातो आणि चीर दिल्याने रक्तस्राव होतो. माणसाला हालचाल करू न देता, चावलेला भाग स्थिर ठेवून, लसीसाठी लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे, एवढेच करावयाचे. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत येत नाही. तीच गोष्ट बुडालेल्याची. पूर्वी त्याला पालथे निजवून पाठ दाबीत आणि हात उचलीत. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की, छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने व सारख्या लयीत दाब दिल्यास बंद पडलेल्या हृदयातूनही रक्त फिरते ठेवता येते. मिनिटाला १०० ते १२० दाब, असे त्याचे मोजमाप आहे. बुडालेल्याला त्याबरोबर तोंडाने श्वासही द्यावा लागतो. भाजलेल्यावर आपल्याकडे शाई, तूप, टूथपेस्ट काय काय फासतात! त्यावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे, दुसरे काही लावू नये. म्हणून शिबिर एकदा झाले, आता पुरे, असे या विषयात म्हणता येत नाही. मी स्वतः शिकविण्यास उभी राहिले तर निम्मे जुने शिकवीन. शिकविण्यास आजचा शिकलेला माणूस हवा.

आता ज्या घटनेमुळे मराठवाड्यातील प्रत्येक घराला हा विषय आपला झाला, तिच्याकडे येते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे दमून निजली होती. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांतील पन्नासांहून अधिक गावे भुईसपाट झाली, हजारो माणसे गेली. भूकंप फार मोठा होता म्हणून एवढी माणसे गेली असे नाही. जाड दगडांच्या भिंती, त्यांत चुन्या-सिमेंटऐवजी नुसता चिखल, वर लाकडावर रचलेला मातीचा थर, अशी आपली माळवदाची घरे. उन्हाळ्यात गार, पण हादरली की दगड आणि माती निजलेल्या माणसांवर. अशी घरे आपल्याही गावात होती. काही अजून आहेत.

त्या पहाटे सर्वांत आधी कोण पोचले? सैन्य आले, त्याने अचाट काम केले. मुंबई-पुण्याहून डॉक्टर आले, परदेशांतून मदत आली. पण ते सारे नंतर. पहिल्या काही तासांत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी, आणि तेही हातांनी. अंधार, वर पाऊस. दगड कोणत्या बाजूने उचलला तर आतल्या माणसावर उरलेली भिंत येणार नाही, हे कोणालाही शिकविलेले नव्हते. नंतर बघ्यांची गर्दी एवढी लोटली की रस्ते तुंबून मदतीची वाहनेच अडली. आमच्याकडूनही भाकरीची गाठोडी गेली होती. मराठवाड्यातील कोणत्या गावातून गेली नाहीत? पण नुसती कणव घेऊन धावलेली गर्दी कधी कधी मदतीच्याच वाटेत उभी राहते, हेही किल्लारीने दाखविले.

किल्लारीचा दुसरा अध्याय मात्र स्त्रियांचा आहे, आणि तो आपल्या मंडळांना पुरेसा ठाऊक नाही याचे मला नवल वाटते. भूकंपानंतर सरकारने घरे दुरुस्त करून पक्की करण्याची मोठी योजना हाती घेतली. पैसा होता, अभियंते होते. पण कोणते घर कसे दुरुस्त करावे हे गावोगाव समजावून कोण सांगणार? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने हे काम गावच्या महिला मंडळांवर सोपविण्याचा आग्रह धरला. हजाराहून अधिक गावांत स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. ज्या बायकांनी आजवर गावच्या चावडीची पायरी चढली नव्हती, त्या भिंतीत आरपार जाणारे दगड बसविले आहेत की नाहीत, कोपरे नीट बांधले आहेत की नाहीत, हे गवंड्याला विचारू लागल्या. भिंत आतून व बाहेरून अशा दोन पदरांची असते. आरपार दगड नसला की हादऱ्याने दोन्ही पदर सुटतात, हे त्या स्वतः शिकल्या आणि घरधन्यांना शिकविते झाल्या. पुढे २००१ साली गुजरातेत भुजचा भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील अशा स्त्रिया तेथील बायकांना धीर द्यावयास आणि आपला अनुभव सांगावयास गेल्या. आमच्या काकूंच्या ‘पोरींना कशाला’ या प्रश्नावर मला याहून चांगले उत्तर सुचत नाही, आणि ते दूरच्या इंग्लंडातले नाही, शेजारच्या जिल्ह्यांतले आहे.

आपल्या गावाला कोणते संकट येणार, हे कोणी सांगावे? पण काही अंदाज करता येतो. गोदावरी आपल्यापासून काही कोसांवर शहागडाशी वाहते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची कोनशिला बसविली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले, आणि डाव्या कालव्याने तालुक्याच्या शिवारात ऊस उभा राहिला. पण धरण भरले आणि वरून पाणी येतच राहिले की दारे उघडावी लागतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठण पाण्याखाली गेले होते. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस तर अवघ्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून मोठा विसर्ग करावा लागला आणि गोदाकाठच्या गावांतील लोकांना घरे सोडून हलावे लागले. अशा वेळी नुसती नाव असून भागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. तीत क्षमतेहून अधिक माणसे बसली होती, आणि बायका-मुलांसह अनेकांचा अंत झाला. वाचविण्यासाठीच निघालेली ती नाव. घाबरलेल्या माणसांना “तू आता चढ, तू थांब” असे ठामपणे सांगणारा एकजण काठावर असणे, हेही शिकावे लागते.

पुराचे झाले. पण पूर वर्षातून एखादा. विहीर, विजेची मोटार, कडब्याची गंजी, गॅसची टाकी, फवारणीचे औषध आणि वळवाच्या पावसातील वीज ही रोजची. आगीचा बंब यावयाचा तो तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्याकडे आहे, आणि तिने पुष्कळ जीव वाचविले आहेत. पण फोन लावल्यापासून ती दारात येईपर्यंत जो वेळ जातो, तो वेळ आपला असतो. त्या वेळात जवळ कोण असते? पुरुष शेतात, नाहीतर गावाबाहेर. घरात बाई असते आणि शाळेतून आलेली मुलगी असते.

२०२३ साली आपल्या गावाचे नाव देशाला कळले. त्यामागील प्रश्नाविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही; प्रत्येकीचे मत प्रत्येकीपाशी. परंतु १ सप्टेंबरच्या लाठीमारात गावकरी जखमी झाले, त्यांत स्त्रियाही होत्या, आणि पोलीसही जखमी झाले. १४ ऑक्टोबरच्या सभेला तर लाखोंनी माणसे आली. एवढ्या गर्दीत उन्हाने चक्कर आलेल्याला सावलीत कसे न्यावे, चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून वाट कशी मोकळी ठेवावी, हे ज्यांना ठाऊक आहे अशी गावची पंचवीस मुले-मुली असती तर त्यांना काम कमी पडले नसते. जखमी समोर असला की तो कोणाच्या बाजूचा हे विचारावयाचे नसते; कास्तिल्योनेच्या बायकांनी ते विचारले नव्हते.

सरकारनेही आता हे ओळखले आहे. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. २०१६ पासून ‘आपदा मित्र’ ही योजना आधी थोड्या आणि २०२१ नंतर साडेतीनशे जिल्ह्यांत आली. तीत गावच्या तरुण-तरुणींना १२ दिवसांचे शिक्षण आणि बरोबर साहित्याची पिशवी मिळते. तिच्यामागून छात्रसेना, सेवा योजना, स्काउट-गाइड यांतील मुलामुलींसाठी ‘युवा आपदा मित्र’ योजनाही निघाली. ७ मे २०२५ रोजी ठिकठिकाणी भोंगे वाजवून नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, ती आपण दूरचित्रवाणीवर पाहिली. आपले दोन दिवसांचे शिबिर १२ दिवसांच्या शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. त्याचा उपयोग एवढाच की, कोणती मुले त्या मोठ्या शिक्षणाला धाडण्याजोगी आहेत हे कळेल, आणि उरलेल्यांना निदान काय करू नये हे कळेल.

राहता राहिला बंबावर चढण्याचा प्रश्न. नागपूरच्या ज्या अग्निशमन महाविद्यालयाचा उल्लेख वर केला, त्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षे एकही मुलगी नव्हती. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, शिक्षण पुरे केले आणि त्या देशातील पहिल्या महिला अग्निशमन अभियंता म्हणून ओळखल्या गेल्या. तेव्हा काकू, चढावयाचे मनात आले तर बंबही आहे.

रात्रीच्या मुक्कामाविषयी जी काळजी व्यक्त झाली ती मला अनाठायी वाटत नाही. मुलींचा मुक्काम शाळेच्या खोल्यांत असावा, मंडळाच्या चार भगिनींनी त्यांच्यासोबत निजावे, आणि रात्रीची एक तालीम त्यातच घ्यावी; कारण किल्लारीचा भूकंप पहाटे झाला, कोयनेचा १९६७ सालचाही पहाटेच झाला, आणि अंधारात पादत्राणे व विजेरी न सापडणे हे पहिले संकट असते. पोहणे दोन दिवसांत येणार नाही. ते पाठीला डबा बांधून विहिरीत महिनाभर शिकावे लागते. पण बुडणाऱ्याजवळ उडी न घेता त्याच्याकडे दोर, ओढणी किंवा बूच मारलेली रिकामी घागर-कॅन फेकणे, हे अर्ध्या तासात येते. आणि एकामागून एक उडी घेऊन दोन-तीन जण जातात ते याच अज्ञानाने. दोराच्या गाठींत तर आपल्या मुली शहरातल्या मुलांना मागे टाकतील. सुरगाठ आणि निरगाठ यांतला भेद त्यांना गाईम्हशींचे दावे बांधता बांधता कळलेला असतो. माणसाला वर ओढताना सरकणारा फास चालत नाही, घट्ट राहणारा आणि तरी सुटावयास सोपा असा फास लागतो, एवढेच नवे शिकावयाचे.

तारखेविषयी माझी सूचना अशी की, मेअखेरचा शनिवार-रविवार धरावा. लग्नाच्या तिथी तेव्हा विरळ होतात, ऊसतोडीस गेलेली कुटुंबे परतलेली असतात, आणि मृगाच्या आधी हे झालेले बरे. ऊन कडक असते, म्हणून मैदानातील पाठ सकाळी सहा ते साडेनऊ आणि सायंकाळी पाचनंतर ठेवावेत. दुपारी खोलीत पट्ट्या बांधणे व छातीवर दाब देण्याचा सराव. तालुक्याच्या ठिकाणच्या होमगार्ड व अग्निशमन दलाकडे शिकविणाऱ्यांसाठी अर्ज मंडळाच्या नावे करावा लागेल. तो आधी महिनाभर गेला पाहिजे.

साहित्याचा खर्च फार नाही. ज्यांच्या पेटीत जुनी नऊवारी लुगडी असतील, त्यांनी डोलीसाठी एकेक द्यावे. भोके पडलेले नको, जीर्ण नको. बांबू गावात मिळतील. त्रिकोणी पट्ट्यांसाठी पांढरे जुने धोतर सर्वांत चांगले. त्याचा मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोनी तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की दोन पट्ट्या होतात. एका धोतरात आठ सहज निघतात. आपल्याला पन्नास पुरेत.